मोज्यातलं कार्ड

च्युइंगगमच्या पाकिटातून मिळालेली हॉकीपटूंची कार्डं ताईनं इतकी वर्षं साबणाच्या डबीत ठेवली होती. परवा घर आवरताना ती सापडली आणि किंमत करायला आम्ही दोघी जुन्या नाण्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदारकाका भिंगातून कोपरे बघत होते. राखीव गोलकीपरच्या कार्डाशी ते थबकले. "अगदी कोरं आहे. याला चांगला भाव येईल."

कोरं राहणारच! त्याला कुणी अदलाबदलीतसुद्धा घ्यायचं नाही.

लाडक्या सेंटर फॉरवर्डचं कार्ड मात्र त्यांनी बाजूला सारलं. "याचं काही येणार नाही. चेहराच पुसलाय."

शाळेच्या संघातून खेळताना दर सामन्याला ताई ते मोज्यात घालायची. घामानंच पुसला तो चेहरा.

मला कपाटातल्या घडी न मोडलेल्या भारी साड्या आठवल्या, आणि रोज पांघरते ती विरलेली सुती साडीही. आवडलेली वस्तू आपण कोरी ठेवतो कुठे?

"हे टाकून देऊ?" काकांनी विचारलं.

"छे, छे! द्या इकडे," ताई म्हणाली. "सोमवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे."