चंद्रीच्या पायातला पट्टा

२०२४ साल. मला त्र्याहत्तरावं चालू होतं. चौथी शिकलेला गवंडी आहे मी, सायखेड्यातली निम्मी घरं माझ्या हातची. भूत, करणी, भगत... कधी मानलं नाही, आजही मानत नाही. हे वाचून कुणी मला उतारे सांगू नयेत. झालं तेवढं लिहितो.

एकदा जिन्यात चक्कर आली, म्हणून लेक सुनीता नाशिकहून मनगटात बांधायचा पट्टा घेऊन आली. पावलं आणि छातीचे ठोके तो मोजतो, आणि माझ्या मोबाईलवरून सगळं तिला आणि तिच्या डॉक्टरला जातं.

“आबा, रोज पाच हजार पावलं. मला तिकडं बसून दिसतं, बरं का!”

दिसतं म्हणे. जन्मभर बिगाऱ्यांवर नजर मी ठेवली, आता माझ्यावर हिची? चार दिवस चाललो. पाचव्या दिवशी पट्टा काढून शेळीच्या, चंद्रीच्या, पुढच्या पायाला बांधला. ती दिवसभर नदीकाठी चरायची, मी पारावर पत्ते खेळायचो. संध्याकाळी ती दावणीला आली की मोबाईल शेजारी ठेवायचा — आकडे आपोआप जायचे.

“आठ हजार! वा आबा!”

“मग? बाप कुणाचा हाय!”

पंधरा दिवसांनी संध्याकाळी तिचाच फोन. आवाज घाबरलेला. “छातीत काही होतंय का? ठोके चाळीसवर आलेत, मधूनच चुकतायत. डॉक्टर म्हणतात, लगेच आणा.”

समोर चंद्री निवांत पाला खात होती. “मशीन बिघडलं असंल तुझं.”

“मशीन हट्टी नसतं, आबा. माणसं असतात.”

सकाळी गाडी घेऊन दारात. मी पट्टा धुऊन मनगटात घातला आणि खुशीत निघालो. डॉक्टर ‘ठणठणीत’ म्हणाला की हा पट्टा कायमचा सुटणार होता. खरं काही तोंडातून निघालं नाही.

डॉक्टरनं माझा कार्डिओग्राम काढला आणि दोन कागद शेजारी ठेवले. “बाबा, हे पट्ट्यानं काल पाठवलेलं, हे आत्ताचं. ठोका चुकतो तोसुद्धा सारखाच. आठवडाभर थांबला असता तर...” त्याच दिवशी छातीत बॅटरीचं यंत्र बसवलं. काढून ठेवलेल्या पट्ट्याच्या बकलात चंद्रीचा एक पांढरा केस अडकलेला होता. तो मी हळूच काढला.

घरी आल्यावर काही दिवसांनी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्याला मात्र सगळं सांगितलं. त्यानं नळी लावली. “आबा, शेळी एक नंबर. चांगले ऐंशी ठोके. चाळीसवर शेळी उभी तरी राहील का?” मग पट्टा तिच्या पायाला बांधून पाहिला. पावलं मोजली, ठोक्यांच्या जागी नुसत्या रेघा. केसांवरून तो ठोके धरतच नाही म्हणे.

मग ते पंधरा दिवस काय धरलं? मला नाही माहीत. त्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा मनगटात घातला, चंद्रीला सोडलं, तिच्याबरोबर हळूहळू नदीपर्यंत गेलो. तिथून सुनीताला फोन लावला.

“आजची पावलं माझी हायेत.”

“म्हणजे? आधीची कुणाची होती?”

सांगून टाकलं. ओरडेल वाटलं होतं.

“आणि ठोके, आबा?”

“ते माझेच होते,” मी म्हणालो.