पाणी पडल्याबिगार

ओल्या दोराचा वास आला की मोशीची आमची विहीर आठवते. जमीन कंपनीला गेली आणि विहीर राडारोड्यानं बुजवायची ठरली. ट्रॉली मागं कलवून रिकामी करता येणारी नव्हती. मी त्याच कंपनीत फिटर, तेव्हा युक्ती माझीच: ट्रॉलीत पुढच्या अंगाला आडवी फळी लावून मग राडारोडा भरायचा, ट्रॉली मागच्या बाजूनं विहिरीच्या काठाला लावायची, फळीला बांधलेला दोर विहिरीवरून पलीकडच्या मोटेच्या चाकावर घ्यायचा आणि बैलांनी ओढायचा. वडिलांनी बैल जुंपले. बैल धावेवरून, मोट ओढायच्या उतारावरून, खाली उतरले तशी फळी सरकली आणि विटामाती धडाधडा विहिरीत कोसळली. पण धावेच्या टोकाला बैल थांबले ते मागं सरेनात. मी चाबूक उचलला. वडील म्हणाले, "मारू नगं. पाणी पडल्याबिगार न्हाई सरायची ती." सकाळी त्याच विहिरीतनं प्यायला भरलेली कळशी त्यांनी उचलली आणि मोट जिथं रिकामी व्हायची त्या दगडी थारोळ्यात थोडं पाणी ओतलं. तो आवाज ऐकून बैल मागं आले. मग प्रत्येक ट्रॉलीला वडील तसंच थोडं थोडं ओतत राहिले. शेवटच्या ट्रॉलीला कळशीत पाणी उरलं नव्हतं. बैल उभेच राहिले, त्यांच्याजवळ वडीलही. आज तिथं कंपनीचं पार्किंग आहे, आणि मला ते तिघं अजून तिथंच उभे दिसतात.