पाठीला पाऊण इंच

माझी बायको काजं करायची. चाळीस वर्षं, दुकानाच्या खिडकीशी ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर बसून, मान खाली घालून. मशीनची काजं मला कधीच पसंत पडली नाहीत. माझ्या या हट्टापायी तिने हजारो कोटांची काजं हाताने शिवली. गिऱ्हाइकं कौतुक करायची माझं, आणि मी खुशाल मान डोलवायचो.

शिंप्याची नजर फार वाईट. माणूस दारातून आत आला की कुठला खांदा उतरलाय, पाठीला किती बाक आहे, ते टेप लावायच्या आधीच कळतं. बाक असेल तर कपड्याची पाठ थोडी लांब कापायची, म्हणजे तो मागून वर चढत नाही आणि बाकही झाकला जातो. तिच्या ब्लाउजची पाठ मी अशीच वाढवत गेलो. आधी पाव इंच, मग अर्धा, मग पाऊण. फिटिंग इतकं चोख की आरशातही काही दिसू नये. वर स्वतःवरच खूश. गाढव कुठला!

ती म्हणायची, "अहो, खांद्यांच्या मधे आग होतेय."

मी म्हणायचो, "एवढा कोट होऊ दे, मग टेक जरा."

शेवटी मुलीनेच तिला मालिशवाल्या बाईंकडे नेलं. मीही गेलो सोबत. बाईंनी खांद्यांमधल्या गाठी अंगठ्याने हळूहळू मोकळ्या केल्या, मग भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायला सांगितलं. तिचं डोकं काही भिंतीला टेकेना.

"दुखणं कमी होईल," बाई म्हणाल्या, "पण बाक आता जायचा नाही. दहा वर्षांपूर्वी आणायचं होतंत. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"कपड्यांतून कळायचंच नाही हो," मुलगी म्हणाली. मी आपला चपला शोधायला लागलो.

आता काजं मशीनवर होतात. एकाही गिऱ्हाइकाने अजून विचारलेलं नाही. ती रोज भिंतीशी उभी राहते, आणि संध्याकाळी मी तिच्या पाठीला तेल लावतो. परवा न राहवून सगळं सांगून टाकलं. पाव इंच, अर्धा, पाऊण.

"ठाऊक आहे," ती पालथी पडल्या पडल्या म्हणाली. "जुने ब्लाउज मीच तर उसवायचे, पाठीचा तुकडा दर वेळी लांब निघायचा. मला वाटायचं, माप घेताना एकदा तरी विचाराल."