एका ओळीत गाळलेली बाई

अन्याय झाला तो देगलूरच्या शिवणकाम करणाऱ्या एका बाईवर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नांदेडच्या एका डायलिसिस केंद्राच्या खिडकीपुढे. मी आत कॉम्प्युटरवर होतो, म्हणून सांगतो.

पहिल्या एसटीने ती मुलीला सोबतीला घेऊन आली होती. खिडकीतला म्हणाला, "चाची, यादीत नाव न्हाई."

"मागच्या बारीला होतं की."

"आज न्हाई. मी काय करू?"

"मशीनला मी मेलेली दिसून राहिले का रे? बघ, हाय अजून."

रांगेतले हसले. तिचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. खुर्च्या यादीप्रमाणे भरलेल्या, ती तशीच परत गेली. दुसऱ्या दिवशी धाप लागलेल्या अवस्थेत तिला उचलून आणलं.

मी यादी काढणारं कोड उघडलं. रुग्णांच्या नोंदी एक्सएमएल नावाच्या साच्यातल्या फाईलमध्ये येतात. त्यांतून रोजची यादी कोडची एकच ओळ काढायची. कंसात कंस, त्यात आणखी कंस. लिहिणारा पुण्याला गेलेला, पण कौतुक अजून इथंच: पोरानं एका ओळीत केलं! तुकडे करून ती वाचली. एक माणूस दोनदा येऊ नये म्हणून ती नावातला पहिला शब्द आणि जन्मतारीख जुळवायची. जुळलं की एक ठेवायची, दुसरं गाळायची. आमच्याकडं कितीतरी मुस्लिम घरांत आडनाव आधी लिहितात. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांची जन्मतारीख कागदावर बहुतेक एक जानेवारीच असते. इस्लापूरची एक बाई नुकतीच दाखल झाली होती. तेच आडनाव, तेच साल. ओळीच्या लेखी दोघी एकच.

मी लिहायला शिकलो ते लातूरला, लोकांत वाटायची पत्रकं लिहून. चाकूरच्या बाजारात उभ्याउभ्या वाचणाऱ्याला कळलं नाही, तर पत्रक रद्दी. त्या ओळीऐवजी नवं कोडही तसंच लिहिलं. नोंद घे. नोंदणी क्रमांक बघ. तोच क्रमांक आधी आला असेल तरच गाळ, आणि कोण गाळलं ते दाखव. स्क्रीनभर झालं, पण खिडकीतल्यालाही समजलं.

माझं कोड पाठवून पुण्याला त्या लिहिणाऱ्याला फोन लावला. तो हसला. "पत्रक छापलंस का रे? एवढ्या ओळी?"

"दादा, तुमची ओळ तुम्हीच वाचून सांगा."

त्यानं ती पहिल्या कंसापासून वाचायला घेतली, मधेच सोडली. मग म्हणाला, "बघावं लागेल."

नवं कोड चालवू द्या म्हटलं, तर व्यवस्थापक म्हणाले, "तिचं नाव हातानं घाला. चालू आहे त्याला हात लावू नका."

घातलं. पण रोज नवी यादी निघते आणि हातानं घातलेलं पुसलं जातं. परवा चाचीची बारी आहे. मी नाव परत घालीन. तिच्यासारखं आणखी कोण गळतंय ते ओळ सांगत नाही. कळतं ते माणूस उचलून आणल्यावर.

तुमचं कुणी अशा यादीवर जगत असेल तर उद्याच खिडकीवर जा. यादी कशी निघते ते वाचून दाखवा म्हणा. वाचता आलं नाही, तर ती ओळ काढेपर्यंत खिडकी सोडू नका.