तिसरा टोला

लोणावळ्यात कुणालाही विचारा, नथू डेंटरनं भूत पाळलंय. वलवणच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड आहे. शेडच्या मावळतीकडच्या भिंतीवर बाहेरून एक काळं बॉनेट टांगलंय आणि त्या बॉनेटात म्हणे बजरंग ड्रायव्हर कोंडलाय. टपरीवरचा दत्तोबा हे सगळं नाकातून सांगतो, डोळे बारीक करून, मधे एक घोट चहा घेऊन.

"म्यां ह्या कानांनी आयकलंय बाबा. दिस बुडाया लागला की त्ये तीनदा वाजीवतं. टक्, टक्, ठण्ण! आन् नथ्या आतनं वरडतो, 'आलो रं!' दर शनवारी त्येला तेल लावतो, तेल! मान्साला कुनी लावत न्हाई एवडं."

यातलं तेल खरं. पण ते इंजिनातून काढलेलं जळकं काळं तेल, आणि लावायचं कारण गंज. लोणावळ्याच्या पावसात उघडा पत्रा तीन वर्षांत चाळण होतो, हे भुतालाही ठाऊक असणार. टोलेही खरे. दिवसभर उन्हात तापलेला पत्रा संध्याकाळी निवताना आकसतो आणि वाजतो. हे नथूला दत्तोबापेक्षा जास्त कळतं. तीस वर्षं तो पत्राच ठोकतोय. आणि "आलो रं" हेही खरं. ते मात्र पत्र्याचं शास्त्र माहीत असूनही खरं आहे, म्हणून नीट सांगायला हवं.

नथू मूळचा कुरवंड्याचा. गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करतो तो डेंटर, आणि नथू तो कानानं करायचा. दुसरे डेंटर हात फिरवून चेप शोधतात. नथू छोट्या हातोडीनं टिचक्या मारत जायचा, कान लावून, वैद्य पोट तपासतो तसा. "हितं दुकतंय," म्हणायचा. आणि बरोबर तिथंच दुखत असायचं.

बजरंग त्याचा जिवाचा दोस्त. त्याची पंचावन्न सालची काळी लँडमास्टर होती, तिला तो मैना म्हणायचा. लोणावळा ते खोपोली टॅक्सी. घाट उतरताना बाकीचे ड्रायव्हर घाटाच्या राखणदार शिंग्रोबाला पैसा टाकतात. बजरंग पैसाही टाकायचा, पण त्याआधी खंडाळ्याला गाडी उभी करून खाली उतरायचा आणि बॉनेटवर तीन टोले मारायचा. दोन बोटाच्या पेरानं, तिसरा घोड्याच्या नालेच्या अंगठीनं. टक्, टक्, ठण्ण. "चल गं मैने, सांभाळून." मगच घाट. संध्याकाळी परत आला की नथूच्या शेडपुढं थांबून तेच तीन टोले, आणि आतून नथू, "आलो रं!" मग दोघं चहाला.

एकाहत्तरच्या माघात बॉनेटची पुढची कडी मोडली. ज्या कडीत कुलूप अडकून बॉनेट बंद राहतं ती. नवीन मिळेना, म्हणून नथूनं मोडकीलाच वितळलेल्या पितळेचा झाळ देऊन ती पत्र्याला पुन्हा जोडली. बजरंगनं बॉनेट दोनदा आपटून पाहिलं. "आता मैना तोंड उघडत न्हाई बग," म्हणाला.

सोळाव्या दिवशी गाडी घाटातल्या दुसऱ्या वळणावर कठड्याला धडकली. बजरंग जागीच गेला. लोक पोचले तेव्हा बॉनेट उघडं होतं, काचेवर उताणं पडलेलं.

ब्रेक लागला नाही, असं सगळे म्हणाले. पंचनाम्यातही तेच आलं. पण नथूच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. बॉनेट धडकल्यावर उघडलं की आधी? आधी उघडलं असेल तर बजरंगच्या डोळ्यांपुढं घाट नव्हता, काळा पत्रा होता. त्यानं झाळ शंभरदा पाहिला. झाळ शाबूत होता. पण कडी वाकडी झाली होती, आणि ती धडकेनं वाकली की आधीच निसटली, हे पितळ काही सांगेना. पहिल्यांदाच एखादा पत्रा नथूशी बोलला नाही. त्या दिवसापासून तो खंडाळ्याच्या खाली गेला नाही.

बजरंगची बायको शालूबाई बंगल्यांची धुणी करायला लागली. गाडी दोन वर्षं जांभळाखाली उभी. मग तिचा भाऊ मारुती गाडी शिकला आणि ती शेडवर आली.

"नथूभाऊ, मैना उबी करा. धुन्याच्या सोड्यानं हात फुटलं माजं. गाडी चालली तर धुनी सुटत्याल."

"वैनी, दुसऱ्या कुनाकडं…"

"दुसऱ्या कुनाकडं का? त्येनी दुसऱ्या कुनाकडं नेली कंदी?"

नथूनं गाडी उभी केली. तेच बॉनेट ठोकून सरळ केलं, कडी नवी बसवली. झाळाचा पितळी ओघळ मात्र पत्र्यात राहिला, पुढच्या कडेला, बोटभर.

मारुतीनं पहिल्या दिवशी खोपोलीचे चार पॅसेंजर घाट चढवून आणले. स्टँडवर गाडी बंद केली. दुसऱ्या फेरीचे लोक आत बसत होते, तेवढ्यात तापलेलं बॉनेट निवायला लागलं. टक्. टक्. मग जरा थांबून, ठण्ण.

स्टँडवर एकही माणूस असा नव्हता, ज्याला ते टोले माहीत नव्हते. एका बाईनं पोर काखेत मारून उलट्या दारातून उडी टाकली. दत्तोबा लांबूनच ओरडला, "आरं बजरंगा, आमी न्हाई काई केलं रं!" महिनाभरात मैनेला कुत्रंही हुंगेना. शालूबाईनं पुन्हा सोड्यात हात घातले.

तेव्हा मारुतीच कुठून तरी सुदुंबऱ्याच्या अंबाजीची बातमी घेऊन आला. अंबाजी पिंपरीच्या कारखान्यात फायबरच्या टाक्या बनवायला होता, आणि सुट्टीला घरच्या गोठ्यात स्वतःची कामं काढायचा. बोलणं निम्मं गावचं, निम्मं कंपनीचं. "मिस्त्री, तुमचं वरिजिनल बॉनेट द्या. मी त्येच्यावर साचा काडतो, डिट्टो. वजन पावपट, गंज झीरो, आन् आवाज तर बिलकूलच न्हाई. फायबर म्हंजी काय, लोखंड न्हवंच त्ये. त्येला भूतबीत लागू न्हाई."

"तुमच्या म्हशीला लागू झालं म्हनं," मारुती म्हणाला.

"त्या केमिकलच्या वासानं दोन दिस दूध चोरलं तिनं. दोनच दिस."

तीन आठवड्यांनी बॉनेट आलं. एका हातानं उचललं जाईल असं हलकं, शेवाळी रंगाचं, काचेच्या धाग्यांचं. नथूनं सवयीनं हातोडीची टिचकी मारली आणि कान लावला. थप्. ओल्या भाकरीवर मारल्यासारखं. पुन्हा मारली. थप्. नथूनं हातोडी हातात फिरवून बघितली, जणू चूक तिची.

बसवताना डाव्या बाजूला कड मडगार्डवर चढायला लागली, अर्ध्या बोटानं. आजवर अशा कडेला एकच औषध होतं. नथूनं मोठी हातोडी घेतली आणि दिला एक ठोका. पत्रा असता तर दबला असता. हे दबलं नाही. त्याच्यावर पांढरी चांदणी उमटली, आठ पायांची.

"आवं मिस्त्री!" अंबाजी कपाळाला हात लावून खालीच बसला. "ह्ये ठोकायचं न्हाई! घासायचं! ठोकल्यावर आतनं फुटतंय, वरनं दिसत बी न्हाई!"

आतून फुटतं आणि वरून दिसत नाही. नथूनं हातोडी खुंटीला लावली आणि अंबाजीनं सांगितलं तसं दोन दिवस कड घासत बसला, पोलीसपेपरनं, नाकाला फडकं बांधून. चांदणीला आतून पट्टी डकवली.

पुढचा घोटाळा बिजागरीच्या स्प्रिंगांचा. त्या जड लोखंडासाठी घडवलेल्या. कुलूप सोडताच हलकं फायबर असं उसळलं की मारुतीची टोपी उडाली. मारुती हसला. नथूचा चेहरा मात्र चुन्यासारखा झाला. बॉनेट पुन्हा उघडं होतं, काचेवर टेकलेलं.

त्यानं स्प्रिंगा काढून नरम टाकल्या. कुलूप दुहेरी केलं. तरी भागेना, म्हणून चांभाराकडून बैलाच्या जोत्याला लागतात तसले दोन चामडी पट्टे शिवून आणले आणि बॉनेट दोन्ही बाजूंनी बकलात आवळलं. दत्तोबा बघायला आला होता. "ह्ये काय, मैनेला चड्डी घातली व्हय?" नथूनं बकल आणखी एक भोक आवळलं.

रंग देण्याआधी शालूबाईला बोलावलं. ती गाडीभोवती फिरली, फायबरवरून हात फिरवत. उजव्या कोपऱ्याशी तिचा हात थांबला.

"नथूभाऊ, ह्ये काय?"

तिथं एक उथळ खळगा होता, तळव्याएवढा. बजरंग स्टँडवर बोलत उभा राहायचा तो बॉनेटच्या त्याच कोपऱ्यावर कोपर टेकून, पंधरा वर्षं. लोखंडात पडलेला खळगा साच्यात उतरला होता आणि साच्यातून फायबरात. नथूनं जुनं बॉनेट सगळं सरळ केलं होतं, तेवढा एक खळगा त्याच्या हातानं सोडला होता. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"लांबीचा लगदा भरून सपाट करतो, वैनी. मिंटाचं काम."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. हात तिथंच ठेवून.

सकाळी मारुतीनं गाडी काढली तेव्हा नथू न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसला.

"भाऊ, तुमी? घाटात?"

"चल गप."

खंडाळ्याला मारुतीनं गाडी थांबवली. दोघंही बॉनेटकडे बघत बसले. कुणीतरी उतरून टोले मारायला हवे होते, आणि कुणीच उतरलं नाही. मग गाडी उताराला लागली. वारा खालून वर येत होता. बॉनेटची पुढची कड थरथरायला लागली, मग मधला भाग फुगला, झोपलेल्या माणसाची छाती वर येते तसा. नथूनं दोन्ही हात काचेला आतून लावले, जणू बाहेरून काही येणार होतं ते तो थोपवणार होता. दुसरं वळण आलं. कठड्याचा तो तुकडा नव्या चुन्यानं वेगळा दिसत होता. बॉनेट फुगलं, चामडं करकरलं, बकलं ताणली गेली.

उघडलं नाही.

खोपोलीला उतरल्यावर नथू नळाखाली डोकं धरून किती तरी वेळ वाकून होता. मारुतीला वाटलं उलटी झाली. झाली नव्हती.

वर येऊन स्टँडवर गाडी बंद केली तेव्हा टपरीवरची सगळी माणसं कप हातात धरून थांबली. इंजिन निवत गेलं. बॉनेट गप्प. दहा मिनिटं झाली. दत्तोबानंच शेवटी येऊन दार उघडलं. "चला, सुटला बजरंग्या. मला कार्ल्याला सोड रं मारुती." आणि मैना पुन्हा धावायला लागली. वटसावित्रीच्या आत शालूबाईची धुणी सुटली.

तिनं जुनं बॉनेट नथूला देऊन टाकलं. "मोडीत घाला," म्हणाली. नथूनं ते डोक्यावर घेतलं, मोडीवाल्याच्या दारावरून नेलं आणि आपल्या भिंतीवर टांगलं. पहिल्याच संध्याकाळी ऊन उतरलं आणि ते वाजलं. नथू आत पान्याला तेल देत होता. आवाज तोंडातून आपोआप गेला. "आलो रं!"

बाहेर येऊन बघतो तो रस्ता रिकामा. तेव्हापासून रोज. पावसाळ्यात सूर्य दिसत नाही, बॉनेट चार महिने मुकं असतं. तेव्हा नथू उगाच कावतो, कामावरून उठून दारात येतो आणि आभाळाकडे बघून परत जातो.

आता माझ्या आणि नथूआबांच्या पैजेचं. मला आवाज काढता येतात. दत्तोबाचं नाक, अंबाजीचं 'डिट्टो', स्टेशनमास्तरची शिट्टी, सगळं. या भादव्यात ऊन पडलं तसा मी शेडवर जाऊन म्हणालो, "नथूआबा, मी ते तीन टोले असे काढीन की तुम्ही आतनं 'आलो रं' म्हणाल."

"हरलास तर?"

"दिवाळीपर्यंत दर शनिवारी बॉनेटला तेल मी लावणार."

माझ्या मामाची नालेची अंगठी मुद्दाम मागून आणली होती. शुक्रवारी ऊन उतरता उतरता भिंतीमागं गेलो, बॉनेट स्वतः वाजायच्या आधी. दोन पेरानं, मग श्वासभर थांबून तिसरा अंगठीनं. टक्, टक्, ठण्ण. बजरंगच्या आईनंही फसावं इतका झकास. कान देऊन वाट पाहिली.

आतून काहीच नाही. मग नथूआबा कोपऱ्यावरून हात पुसत आले.

"पैलं दोन झ्याक. तिसरा चुकला."

"कसा चुकेल? तो अंगठीचाच मारायचा ना?"

"अंगठीचा आवाज त्याच्यासंगं गेला, पोरा." त्यांनी माझं बोट धरलं आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला नेऊन ठेवलं. काळ्या तेलाखाली एक पिवळा ओघळ हाताला लागला, बोटभर, अजून उन्हानं गरम. "हितं माज्या झाळाचं पितळ हाय. पत्रा पातळ, लवकर निवतो; झाळ जाड, त्यो मागनं. म्हनून तिसरा उशिरा येतो आन् येगळा येतो. थांब. आईक."

आम्ही थांबलो. ऊन भिंतीवरून गेलं. टक्. टक्. माझ्या बोटाखाली काहीतरी हललं, आणि मग ते वाजलं.

"आलो रं," नथूआबा हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पैलं दोन त्याचं म्हन हवं तर. तिसरा माजा हाय."

आज शनिवार. तेलाचा बोळा खुंटीवर आहे, आणि दिवाळीला अजून सात शनिवार आहेत.