कापडाची मागची बाजू

"मागून दाव," असं म्हणत ती समोरच्याचं कापड उलटं करायची. साडीचा पदर असो, पिशवी असो, नाहीतर तहसीलमधल्या साहेबांच्या टेबलावरचं भरतकाम असो, पुढची बाजू तिने आधी कधी बघितलीच नाही. मागे गाठी दिसल्या की नाक मुरडून कापड परत द्यायची. पहिल्याच भेटीत माझ्या पदराची तपासणी झाली आणि मी नापास झाले.

ती केजजवळच्या एका लमाण तांड्यावर राहायची. तांड्यातली पोरं तिला याडी, म्हणजे आई, म्हणायची, म्हणून आम्हीही याडीच म्हणू लागलो. आम्ही म्हणजे केजमधली बायकांची एक छोटी सहकारी संस्था. मी तिची सेक्रेटरी. अक्षर चांगलं, सुई मात्र बटण लावण्यापुरतीच माहीत. संस्थेच्या पाटीवर 'हस्तकला' हा शब्द आला तो याडीच्या जिवावर, त्याआधी आम्ही पापड लाटत होतो.

तिचा स्वतःचा धंदा आमच्याही आधीपासूनचा. तांड्यातल्या आठ-दहा बायका हाताशी धरून ती आरशांच्या, कवड्यांच्या पिशव्या करायची आणि बाजाराच्या दिवशी शिंप्याच्या दुकानासमोर पाल टाकून विकायची. कुणी घासाघीस केली की पिशवी उलटी करून त्याच्या हातात द्यायची. "असं मागून करून आण, ही फुकट घेऊन जा." आजवर कुणी आणलं नव्हतं, हे ती फार आनंदाने सांगायची.

त्या साली पाऊस झालाच नाही. तांड्यावर टँकर यायचा तो तीन-चार दिवसांनी. याडी घागरींच्या रांगेतच टाके घालत बसायची. प्यायच्या तांब्यातलं घोटभर पाणी ती हात धुवायला राखून ठेवायची, कारण पांढऱ्या कापडाला मळका हात लागलेला तिला खपत नसे. मला तेव्हा तो हट्ट वाटायचा.

अशात पुण्याच्या प्रदर्शनाचं पत्र आलं. तिथे एका मोठ्या दुकानाची माणसं येणार, माल आवडला तर वर्षभराचं काम देणार. याडीची सून गरोदर होती. काम मिळालं तर तिला यंदा ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं. याडी रोज ऑफिसात येऊन तारीख विचारून जायची.

जीपमध्ये जागा मोजक्या. अध्यक्षीणबाई, त्यांची जाऊ, नणंद, मी आणि मालाची गाठोडी. याडीला जागा नाही म्हणून मीच सांगितलं. वर तिच्या लग्नातला फेटिया, म्हणजे घागरा, आणि काचोळी मागितली. आईने तिच्यासाठी भरलेला तो जोड नवरा गेल्यापासून तिने पेटीत ठेवला होता. स्टॉलवर टांगायला पाहिजे, असं मी म्हणाले. तिने काही न विचारता काढून दिला.

तो टांगायचा नव्हताच. घालायचा होता, मी. लोकांना कारागीर बाई बघायला आवडते, असं अध्यक्षीणबाईंचं म्हणणं, आणि मी अंगाने तिच्यासारखी सडपातळ. आरशात बघून मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी त्या दुकानाच्या मालकीणबाई आल्या. हे सगळं तुम्हीच केलंत का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मग त्यांनी पिशवी उलटी केली. मागे एकही गाठ कशी नाही, धागा संपतो कुठे, असं त्या कौतुकानेच विचारत होत्या. मी उगाच बाकीच्या पिशव्या सरळ करायला लागले.

तेवढ्यात गर्दीतून याडी पुढे आली. साधी नायलॉनची साडी, हातात कागदात गुंडाळलेला कवड्यांचा कंबरपट्टा. तो द्यायचा राहिला म्हणून ती एसट्या बदलत एकटी पुण्याला आली होती. तिने मला तिच्या आईने भरलेल्या कपड्यांत बघितलं. मग माझ्या पायांशी बसून तिने फेटियाची कड उलटी केली.

"गाठ मारायचीच न्हाई, ताई. धागा मागच्या तीन टाक्यांखालून सरकवायचा," ती म्हणाली. "या बाईंनीच शिकवलं आमाला. तुमी आमाला काम द्या."

एरवी मला अगं-तुगं करणारी याडी मला 'या बाई' म्हणाली.

मालकीणबाई गेल्यावर मी तिला कसंबसं विचारलं, "याडी, कावून असं बोललीस?"

"सून सातव्यात हाय माझी," ती म्हणाली. "तू खोटी पडली असती तर काम गेलं असतं." आणि कंबरपट्टा माझ्या कमरेला बांधून तिने तो नीट सरळ केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काम मिळालं. अध्यक्षीणबाईंनी ते आपल्या भावकीतल्या बायकांना वाटलं. शिलाई मशीनवर लवकर उरकतं म्हणाल्या. तांड्याला काहीच आलं नाही. त्या ठरावाखाली सेक्रेटरी म्हणून माझी सही आहे, चांगल्या अक्षरात. मी एक शब्द बोलले नाही. सासरची माणसं, गावातलं राजकारण, अशी कारणं तेव्हा माझ्याकडे भरपूर होती.

दिवाळीआधी तांड्यावर ऊसतोडीचा ट्रक लागला, तेव्हा मी गेले. सून वर बोचक्यांमध्ये बसली होती. तिच्याकडे मला बघवेना. तिच्यासोबत याडीही निघाली होती. मला वाटलं, ही आता चार शब्द सुनावेल. तिने सवयीने माझा पदर उलटा करून बघितला आणि सोडून दिला. मग कमरेच्या पिशवीतून अर्धी भरलेली एक पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. सुई तशीच टोचलेली होती.

"तिकडं चिखलात खराब हुईल. तूच पुरी कर आता," ती म्हणाली.

ती परत आलीच नाही. कर्नाटकातल्या लेकीकडे राहिली म्हणतात, कुणी म्हणतं वारली. संस्था कधीच बंद पडली. पट्टी मात्र मी पुरी केली, दोन वर्षं लागली. घरी येणाऱ्या बायका हातात घेऊन कौतुक करतात. त्या उलटी करायला लागल्या की मी हसत हसत काढून घेते. मागे तिचं काम कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, ते कुणीही सांगेल. तिथून पुढे गाठीच गाठी आहेत.