मॅनेजर, वन्सं, जावईबापू आणि सिस्टर

सिस्टर माणसांना अरेतुरे करायच्या आणि कुत्र्यांना अहोजाहो. आमच्या कल्याणच्या सोसायटीचे चेअरमन जिन्यात भेटले की, "ए, बीपीची गोळी घेतलीस का? तोंड बघ कसं टोमॅटोसारखं झालंय," आणि त्याच दमात पायाशी बसलेल्या कुत्र्याला, "तुम्ही जरा सरकता का? शेपटीवर पाय पडेल." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, बाईंची वाक्यं चुकीच्या पत्त्यावर गेली. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाई, मी तीस-पस्तीस वर्षं इस्पितळात काढली. माणूस कपड्याशिवाय कसा दिसतो ते मला माहीत आहे. अहो म्हणवत नाही."

त्यांचं नाव विमल जाधव. पण नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. मुलगी 'आई' म्हणायची आणि उरलेलं जग 'सिस्टर'. जन्म कल्याणजवळच्या मोहन्याचा, वडील तिथल्या कारखान्यात. एका सरकारी इस्पितळातून निवृत्त झाल्यावरही कल्याणपासून ठाण्यापर्यंत घरोघरी जाऊन इंजेक्शनं, ड्रेसिंग, सलाइन चालूच होतं. गाडी चालवायला शिकल्या तीसुद्धा नोकरीतच. अँब्युलन्सचा ड्रायव्हर ऐन वेळी चहाला गायब व्हायचा. "पेशंट थांबत नाही गं. म्हटलं, चहा मी नंतर पिते, गाडी आधी चालवते."

त्यांच्याकडे तीन कुत्री होती. वन्सं ही काळी, बारीक डोळ्यांची, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे 'हं, हे आले' अशा नजरेने बघणारी. जावईबापू हे स्टेशनाबाहेरून आणलेले तांबूस गावठी. घरात आले त्या दिवसापासून सोफ्यावर. ताटात चांगला तुकडा दिसेपर्यंत जेवायचे नाहीत. खऱ्या जावयाला, ठाण्याच्या नितीनला, हे फार लागलं होतं. "आई, निदान कुत्र्याचं नाव तरी बदला."

"तुझं बदलू का?" सिस्टर म्हणाल्या. "तू नंतर आलास."

तिसरे मॅनेजर. हे हस्की होते, बर्फात गाडी ओढणाऱ्या जातीचे, निळ्या डोळ्यांचे. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधलं कुटुंब दुबईला गेलं आणि जाताना ह्यांना वॉचमनच्या ताब्यात देऊन गेलं. सिस्टर त्याच टॉवरमध्ये एका आजोबांना इंजेक्शन द्यायला गेलेल्या. परत आल्या त्या रिक्षात हे धूड मांडीवर घेऊन. "दिवसभर बसून असतात आणि काही विचारलं की दुसरीकडे बघतात. दुसरं काय नाव ठेवणार?"

कल्याणचा एप्रिल आपल्यालाच सोसत नाही, तर अंगावर गादी घेऊन जन्मलेल्या जनावराने काय करावं? सिस्टर रोज मासळीबाजारातून बर्फाची लादी आणायच्या. मॅनेजर तिच्यावर पोट टेकून दुपार काढायचे. अंगाला बोंबलाचा वास यायचा. वन्सं नाक मुरडायच्या.

मग मॅनेजरांचं खाणं सुटलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मूत्रपिंडं गेल्याचं सांगितलं. औषधांवर काही महिने निघतील, जास्त नाही. सिस्टर माझ्याकडे चहाला आल्या, कपात बघत बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, ह्या प्राण्याला देवाने बर्फासाठी घडवला. देव मी मानत नाही, पण घडवला कोणीतरी. आणि त्याने आयुष्यभर बर्फ बघितला तो बोंबलाखालचा. हे काही बरोबर नाही."

"मग?"

"मग काय, दाखवायचा."

मला वाटलं, चहाबरोबर विषय संपेल. महिन्याभरात त्यांनी एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेतली आणि मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात नेऊन टाकली. सीटा निघाल्या. दोन बाकं बसली, त्यांवर गाद्या. ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, बॅटरीवरचा छोटा एसी, कोपऱ्यात इस्पितळातल्यासारखी कमोडची खुर्ची. बसला नवा पांढरा रंग दिला, तरी उन्हात त्याखालचं 'हळू चालवा, आत मुलं आहेत' वाचता यायचं.

नितीन ठाण्याहून तावातावाने आला. "आई, ह्या वयात लडाखच्या रस्त्यावर? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, सासू दुसऱ्या जावयाबरोबर गेली."

मला बरोबर नेलं ते मी भूगोल शिकवायचे म्हणून. मी आयुष्यभर फळ्यावर पांढऱ्या खडूने हिमालय काढला आणि फडक्याने पुसला. उत्तरेला माझी धाव नाशिकपर्यंत. "निवृत्त झालीस ना? चल, खरा बघून घे. तो पुसता येत नाही." घरी विचारलं तर आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "जा. मला खिचडी येते." इतक्या सहज परवानगी मिळाल्याचं मला थोडं वाईटच वाटलं.

मे महिन्याच्या शेवटी तिन्ही कुत्र्यांना घेऊन निघालो. पहाटे उजाडता उजाडता गाडी सुरू करायची आणि ऊन चढायच्या आत एखाद्या ढाब्याच्या सावलीत लावायची, असा नेम. धुळे, इंदूर, राजस्थानचा तापलेला तुकडा. दर गावात सिस्टरचा पहिला प्रश्न, "भाईसाब, बर्फ किधर मिलेगा?" लोकांना वाटायचं, दोन म्हाताऱ्या पिणाऱ्या आहेत. एका ढाबेवाल्याने न मागता सोडाही आणून दिला. सिस्टरनी तो ठेवून घेतला.

मनालीच्या पुढे बोगद्यातून पलीकडे निघालो आणि हवा बदलली. मॅनेजरांनी खिडकीत नाक घातलं, ते काढलंच नाही. सिस्टर आरशात बघून हसल्या. "बघ, साहेबांना ऑफिस आठवलं."

बर्फ होता त्याच्याही पुढे, खिंडीत. आम्ही चढायला लागलो. डोंगरांवर झाड नव्हतं. माझ्या फळ्यावर होतं त्यातलं काहीच नव्हतं. आणि माझं डोकं दुखायला लागलं. मी बोलले नाही. मग उलटी झाली. मी म्हटलं, छोले बाधले. सिस्टरनी बस कडेला घेतली आणि माझ्या डोळ्यांत बघत विचारलं, "बाई, भारताची राजधानी कुठली?"

मी म्हणे अगदी शांतपणे म्हणाले, "डोंबिवली."

त्या हसल्या नाहीत. विरळ हवा माझ्या मेंदूला लागली होती, आणि उपाय एकच, खाली उतरणं. बस तिथेच वळवली. त्या अरुंद रस्त्यावर, समोर ट्रक हॉर्न मारत असताना, पुढे-मागे, पुढे-मागे करत वळवली. वळताना खिंडीच्या बाजूचा पांढरा पट्टा मला काचेतून स्पष्ट दिसला. एवढ्याशा अंतरावर होता. मी रडायला लागले, "सिस्टर, एवढं दाखवून या ना त्यांना. मी थांबते इथे."

"गप बस. तू मेलीस तर तुझा नवरा मला विचारेल. मॅनेजर गेले तर मला कोणी विचारणार नाही." आणि मग जरा वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता, "डोंगर कुठे पळत नाही."

पण मॅनेजर पळत होते, ते आम्हा दोघींनाही कळत होतं. ते त्या दिवशी पाण्यापलीकडे काही घेत नव्हते.

खाली नदीकाठच्या एका गावात थांबलो. वाटाण्याचं शेत, त्याच्या कडेला बस, आणि शेताची मालकीण डोल्मा नावाची, आमच्याच वयाची, गालांवर उन्हाच्या भेगा पडलेली. मी दोन दिवसांत माणसात आले. तोवर सिस्टरनी डोल्माचा गुडघा बघितला, तिच्या जावेचं बीपी बघितलं आणि तिसऱ्या दिवशी बसच्या दारात गावच्या बायकांची रांग लागली. गावात आरोग्यकेंद्राची खोली होती. नर्स नव्हती. बदली होऊन येणारी टिकायची नाही. सिस्टर एकेकीला मराठी-हिंदीत झापत होत्या, "इतना नमक का चाय पियेगी तो बीपी कायको उतरेगा?" बायका खूश.

डोल्माने आम्हाला वरच्या गोंपात, म्हणजे मठात नेलं. तिथले लामा म्हातारे, दोनच दात उरलेले, सतत हसणारे. आत भिंतीवर एक निळा, डोळे वटारलेला, कवट्यांची माळ घातलेला देव रंगवला होता. सिस्टर कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "लामाजी, हम भी बुद्धवाले हैं. मोहने के. लेकिन हमारे बुद्ध तो शांत बैठते हैं. ये दात काढके कौन खड़ा है?"

"रक्षक हैं," लामा म्हणाले. "ऊपर से गुस्सा, अंदर करुणा."

मी म्हटलं, "म्हणजे तुमच्यासारखेच." सिस्टरनी माझ्याकडे त्या देवासारखंच बघितलं.

मॅनेजरांना त्यांनी उचलून आणलं होतं. ते आता हलके झाले होते. लामांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "इसके अगले जन्म के लिए प्रार्थना करूँ?"

"अगला जन्म हम लोग नहीं मानते," सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, पण हात मॅनेजरांच्या मानेतून हलला नाही.

लामांनी विचार केला. "तो इसी जन्म के लिए करता हूँ. कितना बचा है?"

"थोडा."

"तो प्रार्थना भी छोटी." आणि खरंच, दोन ओळी पुटपुटून ते थांबले आणि आम्हाला लोणी घातलेला खारट चहा दिला. सिस्टरनी तो बीपीचा उल्लेख न करता प्यायला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलो. ह्या वेळी दर तासाला राजधानी विचारत, थांबत थांबत. दिल्ली, दिल्ली, दिल्ली. खिंडीत पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या उंच भिंती, आणि त्या काळ्या! डिझेलचा धूर, चिखल, कोणीतरी टाकलेली वेफर्सची पाकिटं. सिस्टर उतरल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर आपल्या डम्पिंग ग्राउंडसारखं दिसतंय. फक्त गार."

जरा पुढे एक स्वच्छ उतार सापडला. तिथे मॅनेजरांना खाली ठेवलं. ते उभे राहिले. मी मोबाइल धरून तयार. त्यांनी बर्फ हुंगला. पुन्हा हुंगला. इकडे-तिकडे फिरून बारकाईने शोधलं. बोंबील नव्हता. मग पाय वर करून त्यांनी त्यांच्या पूर्वजांच्या भूमीवर लघवी केली, आणि वळून बसच्या पायरीशी येऊन उभे राहिले, मला वर घ्या म्हणून.

आणि जावईबापू! कल्याण स्टेशनाबाहेर वडापावाच्या कागदांवर वाढलेलं ते कुत्रं वेड लागल्यासारखं लोळत होतं, बर्फ खात होतं, उतारावरून घसरत जाऊन पुन्हा धावत वर येत होतं. वन्संनीही एक उडी मारली आणि कोणी बघितलं नाही ना, ते तपासलं.

सिस्टर बर्फातच बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना धाप लागली. "दोन हजार किलोमीटर आणलं गं मी ह्यांना. मुतायला!"

मॅनेजर गेले ते गावात परतल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, कोवळ्या उन्हात. बसच्या दारात पसरले होते, डोकं बाहेर, नदीकडे. सिस्टरनी मांडीच्या आतून नाडी बघितली, बराच वेळ बोटं तिथेच ठेवली. "गेले," म्हणाल्या. चादर घातली. चहा टाकला, मला दिला, डोल्माला दिला. मग बसखाली काहीतरी गळतंय म्हणून पाठीवर सरपटत आत गेल्या.

बाहेर त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. मी हत्यारांच्या पेटीपाशी बसले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "पाना दे."

"कितीचा?"

"कुठलाही."

मी हाताला लागला तो सरकवला. मग पुन्हा, "पाना दे." मी दुसरा दिला. असे पेटीतले सगळे पाने आत गेले. बसखाली काही गळत नव्हतं. डोल्मा घरी जाऊन कुदळ घेऊन आली आणि वाटाण्याच्या शेताच्या कोपऱ्यात खणायला लागली. सिस्टर बाहेर आल्या तेव्हा नाकाला ग्रीस लागलं होतं. त्यांनी डोल्माच्या हातातून कुदळ घेतली. "तेरा गुडघा दुखता है ना? बाजू हो."

परतीच्या वाटेवर बर्फाची चौकशी करायची राहिली नव्हती, त्यामुळे गावं भराभर मागे पडली. घरी आलो, पाऊस गेला, दिवाळी गेली. त्या इंजेक्शनं देत फिरत होत्या, चेअरमनना झापत होत्या, पण डोल्माचे फोन यायचे आणि बोलणं लांबत जायचं. कोणाला ताप, कोण बाळंत. आरोग्यकेंद्राला अजून कुलूप होतं. मार्चमध्ये त्यांनी कल्याणचा फ्लॅट मुलीच्या नावावर केला. नितीन म्हणाला, "आई, तिकडे थंडीत मराल." सिस्टर म्हणाल्या, "इकडे काय अमर आहे?"

आता त्या तिथेच असतात. गावाने खोलीचं कुलूप काढून किल्ली त्यांच्या हातात दिली. थंडीत रस्ता बंद होतो, फोन लागत नाही. लागला की पहिला प्रश्न, "राजधानी कुठली?" मी डोंबिवली म्हणते. त्या फोनवरच शिव्या देतात.

त्या निघाल्या त्या सकाळी मी खाली गेटपाशी उभी होते. बस भरलेली, वन्सं खिडकीत, जावईबापू पुढच्या सीटवर पसरलेले. सिस्टरनी इंजिन सुरू केलं आणि काच खाली केली. "येतेस?"

गुडघे, घर, ह्यांची खिचडी, काय काय माझ्या तोंडाशी आलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही. नुसती मान हलवली, रागाने नाही, पेशंटला उद्या येते म्हणताना हलवायच्या तशी. माझे डोळे भरून आले. मी हात हलवायला लागले.

"अगं, हात काय हलवतेस?" सिस्टर ओरडल्या. "गेट उघड आधी!"